मांडव कोणाचा?

(द्वितीय वर्ष, कला)

माणूस शत्रूवर जितका रागावत नाही, तितका आपल्याच माणसावर रागावतो. परक्याने बांध कोरला तर आपण तलाठ्याकडे जातो. पण भावाने कोरला तर दोन पिढ्या बोलणे बंद होते. राजकीय पक्षांचेही असेच आहे. विरोधी पक्षाचा पुढारी आपल्या मताविरुद्ध बोलला तर कडव्या कार्यकर्त्याला त्याचे नवल वाटत नाही. तो तसा बोलणारच, त्यासाठीच तो तिकडे आहे. परंतु आपल्याच पक्षातला, आपल्याच व्यासपीठावर हार घालून घेणारा एखादा पुढारी 'जरा सबुरीने घ्या, समोरच्याचेही थोडे खरे आहे' असे म्हणू लागला, की या कार्यकर्त्याच्या अंगाचा तिळपापड होतो. विरोधकाला तो नुसता विरोधक म्हणतो. आपल्यातल्या मवाळाला मात्र तो फितूर म्हणतो.

हा राग जुन्या मताच्या, परंपरेला धरून चालणाऱ्या लोकांत विशेष आढळतो आणि त्याला कारणे आहेत. सभेच्या सतरंज्या त्यांनी उचललेल्या असतात. भिंती रंगवणे, वर्गणी गोळा करणे, उन्हातान्हात घरोघर फिरणे ही कामे त्यांनी केलेली असतात. एवढे करून सत्ता आली, मान मिळाला, की पुढे बसायला येतात ते गोड बोलणारे, इस्त्रीच्या कपड्यांतले, विरोधकांच्या घरीही चहा पिणारे लोक. या मंडळींना आपली लाज वाटते, अशी सतरंजी उचलणाऱ्याला शंका येते आणि पुष्कळदा ती खरीही असते. त्याला वाटते, 'आमच्या श्रद्धेवर हे निवडून येतात आणि निवडून आल्यावर आमच्याच श्रद्धेला मागासलेपणा म्हणतात.' हा राग सर्वस्वी खोटा आहे, असे मला वाटत नाही. म्हणूनच त्याचा विचार नीट व्हायला हवा.

आजच्या पक्षांची उदाहरणे घेतली तर आपण सारे आपापल्या घरची बाजू घेऊ आणि लेख वाचायचा राहून जाईल. म्हणून मी एक जुने भांडण घेते. ते आपल्याच प्रांतातले आहे. मराठीत आपण 'जहाल' आणि 'मवाळ' हे शब्द आज ज्या अर्थाने वापरतो, तो अर्थ ज्या घराण्यात रूढ झाला त्याच घराण्यातले हे भांडण आहे. मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. सुरतेच्या जहाल-मवाळ वादाविषयी आपण शाळेपासून शिकतो. तो वाद सरकारशी कसे वागावे याबद्दलचा होता. त्याच्या बारा वर्षे आधी, १८९५ साली पुण्यात झालेला वाद समाजाशी कसे वागावे याबद्दलचा होता. त्या वादात लोकमान्य टिळक जुन्या मताच्या लोकांच्या बाजूने उभे होते, आणि न्यायमूर्ती रानडे व गोपाळराव गोखले हे मवाळ, म्हणजे सुधारणावादी बाजूचे होते. दोन्ही बाजू काँग्रेसच्याच होत्या, ही यातली खरी गोम आहे.

काँग्रेसचे पहिले अधिवेशन डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले. ते खरे म्हणजे पुण्यास भरायचे होते. पण तेथे पटकीची साथ आली आणि मान मुंबईला गेला. बहात्तर प्रतिनिधी जमले होते. दुसऱ्याच वर्षी कलकत्त्यास अध्यक्ष दादाभाई नौरोजी यांनी स्पष्ट केले, की साऱ्या राष्ट्राचा ज्यात सारखा संबंध आहे असेच प्रश्न या सभेने हाताळावेत. सामाजिक सुधारणा त्या त्या समाजाने आपापल्या ठिकाणी पाहावी. तेव्हा रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मधला मार्ग काढला. १८८७ पासून 'सामाजिक परिषद' ही वेगळी संस्था सुरू झाली. काँग्रेसचे काम संपले की त्याच गावी, त्याच मांडवात ही परिषद भरायची. बालविवाह, विधवांची स्थिती, स्त्रीशिक्षण, जातिभेद असे विषय तिथे निघायचे. काँग्रेस वेगळी, परिषद वेगळी, पण मांडव एकच. मवाळ माणसाचा हा अगदी नमुनेदार तोडगा आहे. कोणालाच पुरते 'नाही' म्हणायचे नाही!

आठ वर्षे हे कसेबसे चालले. दरम्यान १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. त्याआधी कलकत्त्यास फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी तिच्या वयाने कितीतरी मोठ्या असलेल्या नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे दगावली होती. कायद्याने संमतीचे वय दहावरून बारा केले. दहाचे बारा, एवढाच तो बदल. पण त्यावरून सारे पुणे पेटले. परक्या सरकारने आमच्या घरात आणि धर्मात हात घालू नये, असे टिळकांचे म्हणणे होते. त्यांनी सुधारकांपुढे एक प्रतियोजनाही ठेवली होती. ज्यांना सुधारणा हवी त्यांनी आधी स्वतःवर बंधन घालून घ्यावे. मुलीचे लग्न सोळा वर्षांच्या आणि मुलाचे वीस वर्षांच्या आत करणार नाही असे लिहून द्यावे. सरकारकडे कायदा मागत फिरू नये. वरवर पाहता ही सूचना सुधारकांच्याही पुढची होती. पण तिच्यातली टोचणी सर्वांना कळली. तिचा अर्थ, 'बोलता ते आधी घरी करून दाखवा' असा होता.

ही टोचणी जिव्हारी लागण्यासारखीच होती. रानड्यांची पहिली पत्नी १८७३ साली वारली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा विद्वान आता एखाद्या विधवेशी विवाह करील, अशी लोकांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या इच्छेपुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. पुढे १८९० साली पंचहौद मिशनमध्ये पुण्यातील काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला, त्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली, बहिष्काराची वेळ आली आणि अखेर रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. आता चहासारख्या गोष्टीसाठी प्रायश्चित्त घेणारा माणूस समाजाला काय सुधारणार, असे जुन्या मताच्या माणसाने विचारले तर त्याचे काय चुकले? खरे म्हणजे त्या चहाला टिळकही होते आणि प्रायश्चित्ताच्या गोष्टीतून तेही सुटले नव्हते. पण टिळकांनी कधी समाजसुधारणेचा झेंडा खांद्यावर घेतला नव्हता. ज्याने झेंडा घेतला, त्याचेच पाऊल लोक मोजतात.

१८९५ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अकरावे अधिवेशन पुण्यास भरायचे ठरले. अध्यक्ष होते सुरेंद्रनाथ बॅनर्जी. टिळक स्वागत समितीचे एक चिटणीस होते. आणि मग प्रश्न निघाला की सामाजिक परिषद काँग्रेसच्या मांडवात भरू द्यायची की नाही? जुन्या मताचे लोक म्हणाले, मुळीच नाही. वर्गणी आम्ही काँग्रेससाठी दिली आहे, सुधारकांच्या सभेसाठी नव्हे. सभा गाजल्या, वृत्तपत्रांचे रकाने भरले, मांडव जाळण्याच्या धमक्यांपर्यंत मजल गेली. टिळकांनी चिटणीसपद सोडले. शेवटी रानड्यांनीच माघार घेतली आणि परिषद दुसरीकडे भरवली. त्याच वर्षी पुण्याची सार्वजनिक सभाही टिळकपक्षाच्या हाती गेली होती. १८७० पासून चालत आलेल्या आणि रानड्यांनी नावारूपाला आणलेल्या त्या संस्थेतून त्यांची मंडळी बाहेर पडली आणि १८९६ साली त्यांनी डेक्कन सभा काढली. आपल्या पक्षातल्या मवाळांना नमवण्याची जुन्या मताच्या लोकांची मोहीम फत्ते झाली. मांडव त्यांचा झाला.

इथे मला जुन्या मताच्या लोकांची बाजू जरा नीट मांडू द्या, कारण आपल्याकडे पाठ्यपुस्तकात ती एका ओळीत उरकली जाते. त्यांचे म्हणणे लोकशाहीला धरून होते. ते म्हणत, काँग्रेस ही चार पदवीधरांची सभा राहून चालणार नाही. ती सामान्य लोकांपर्यंत गेली पाहिजे. सामान्य माणूस देवभोळा आहे, रूढी मानणारा आहे. काँग्रेसच्या मांडवात गेले की आपल्या चालीरीतींची निंदा ऐकावी लागते असे त्याला कळले, तर तो मांडवाकडे फिरकणारच नाही. सुधारणा चिकटवाल तर माणसे गमवाल. आणि टिळकांनी हे नुसते म्हटले नाही. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव, त्यापाठोपाठ शिवजयंतीचा उत्सव, १८९६-९७ च्या दुष्काळात शेतकऱ्यांना सारामाफीचा हक्क समजावून सांगण्याचे काम, या सगळ्यांतून ते खरोखरच लोकांपर्यंत गेले. मवाळ मंडळी त्यांना 'तेल्यातांबोळ्यांचे पुढारी' म्हणून हिणवीत. ती शिवी नव्हे, पदवीच होती. मवाळांना ती कधी मिळाली नाही, कारण त्यांनी कधी तिकडे पाहिलेच नाही.

मग एवढे सगळे बरोबर असताना चुकले कुठे?

माझ्या मते, मवाळ माणसाचा दुटप्पीपणा उघडा पाडला म्हणजे त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले, असे त्यांनी मानले. चूक ती इथे. रानड्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले हे त्यांचे वैगुण्य असेल. पण म्हणून दहा वर्षांच्या मुलीचा प्रश्न खोटा ठरत नाही. प्रश्न विचारणारा कच्चा निघाला, एवढ्यावरून प्रश्न कच्चा होत नाही. पुण्याच्या मांडवातून बाहेर गेली ती नुसती रानड्यांची परिषद नव्हे. स्त्रिया, विधवा, ज्यांना शिवायचे नाही असे लोक, ज्यांच्या मुलांना शाळेची पायरी ठाऊक नाही असे कुणबी, या सगळ्यांचा प्रश्न तिच्याबरोबर बाहेर गेला. त्या मांडवात त्यांच्यापैकी कोणीच नव्हते. त्यांच्या वतीने कोणीतरी चाचरत, अर्धवट, स्वतःच्या घरची अडचण सांभाळत बोलत होते. तेही बंद झाले.

आणि प्रश्न बाहेर घातला की तो मरत नाही. तो आपला वेगळा मांडव घालतो. महात्मा फुल्यांनी १८७३ सालीच सत्यशोधक समाज स्थापन केला होता. १८९० साली ते गेले. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी या चळवळीला आधार दिला, आणि त्यातून ब्राह्मणेतर पक्ष उभा राहिला. महाराष्ट्रातला बहुजन समाज कितीतरी वर्षे काँग्रेसकडे 'त्यांची सभा' म्हणून पाहत राहिला. केशवराव जेध्यांसारखे पुढारी १९३० नंतर तिच्याकडे वळले तेव्हा कुठे ती इथल्या खेड्यापाड्यांत शिरली. म्हणजे हिशेब असा झाला. सुधारणा आत घेतली तर सामान्य लोक निघून जातील, असे १८९५ साली सांगण्यात आले. सुधारणा बाहेर ठेवली, आणि सामान्य लोकांपैकी जे सर्वांत अधिक होते तेच पुढची पस्तीस वर्षे दाराबाहेर राहिले. तेल्यातांबोळ्यांच्या पुढाऱ्यानेच १९१७ साली अथणीच्या भाषणात, तेल्यातांबोळ्यांना आणि कुणब्यांना कायदेमंडळात जाऊन काय करायचे आहे, अशा आशयाचा प्रश्न केला. तो प्रश्न ज्यांना लागला त्यांनी तो अजून विसरलेला नाही.

हे मी तिऱ्हाइतासारखे लिहू शकत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. माझी आजी तेराव्या वर्षी सासरी आली. बँकेच्या कागदावर ती आजही अंगठा उठवते. १८९१ साली संमतीचे वय बारा झाले. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरले. १९७८ साली ते अठरा झाले. यातली प्रत्येक पायरी चढताना कोणीतरी 'आत्ताच कशाला' म्हणाले आणि कोणीतरी 'निदान एवढे तरी' म्हणाले. 'निदान एवढे तरी' म्हणणारे बहुतेक मवाळच होते. त्यांच्या चिवट मिळमिळीतपणावर मी वर्गात बसले आहे, हे मला नाकारता येत नाही.

याच मिळमिळीत माणसांपैकी एक गोपाळराव गोखले. १८९७ साली प्लेगच्या दिवसांत गोऱ्या सोजिरांनी केलेल्या अत्याचारांच्या हकिकती त्यांनी विलायतेत सांगितल्या, परत आल्यावर त्या सिद्ध करता आल्या नाहीत, आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. जुन्या मताच्या लोकांनी त्यांना अक्षरशः धुऊन काढले. त्याच वर्षी टिळक राजद्रोहासाठी तुरुंगात गेले, म्हणून गोखल्यांची माफी अधिकच काळी दिसली. पण याच गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक आणले. तेही कसे, तर अगदी मवाळ! आधी मुले फक्त. तेही सहा ते दहा वर्षांची. तेही जिथे स्थानिक संस्था तयार असेल तिथेच. १९१२ साली ते अडतीस विरुद्ध तेरा मतांनी पडले. सरकारी सभासद विरुद्ध गेलेच, बड्या जमीनदारांपैकीही काही गेले. शिक्षणाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत यायला २००२ साल उजाडावे लागले आणि त्याचा कायदा अमलात यायला २०१०. ते तेरा हात त्या दिवशी वर झाले होते, एवढे मला पुरे आहे. माझ्या पणजोबांचा विचार त्या सभागृहात कोणी केला असेल, तर तो त्या तेरा जणांनी.

मात्र मवाळांची आरती ओवाळावी असे मला मुळीच वाटत नाही. ज्या दुखण्यासाठी आपण जुन्या मताच्या लोकांना दोष देतो, तेच दुखणे संधी मिळताच मवाळांनाही झाले. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेस काँग्रेस भरली. नागपूरला ठरलेले अधिवेशन, तिथे टिळकपक्षाचे बळ जास्त म्हणून, सुरतेला हलवण्यात आले होते. पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षपदावरून गोंधळ झाला, मराठी जोडा व्यासपीठावर येऊन पडला, खुर्च्या उडाल्या, पोलिसांनी मांडव रिकामा केला. त्यानंतर १९०८ साली मवाळांनी काँग्रेसची घटनाच अशी बांधली की जहालांना आत येता येऊ नये. १८९५ साली पुण्यात जे धाकाने झाले, ते १९०८ साली नियमाने झाले. फळही तेच मिळाले. टिळक मंडालेच्या तुरुंगात आणि काँग्रेस आठ वर्षे निस्तेज. मांडव ताब्यात होता, पण माणसे नव्हती.

आता या गोष्टीचा शेवट पाहा, कारण मला जे म्हणायचे आहे ते तिथे आहे. १९१४ साली टिळक सुटून आले. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले वारले, तेव्हा स्मशानात उभे राहून टिळकांनी त्यांचा मनापासून गौरव केला. १९१६ साली लखनौला टिळक पुन्हा काँग्रेसमध्ये आले, आणि तिथे मुस्लिम लीगशी करार झाला. त्या कराराने मुसलमानांना विभक्त मतदारसंघ मान्य केले म्हणून मालवीय आणि हिंदू सभेची मंडळी नाराज झाली. टिळकांनी कराराची पाठराखण केली. ज्याने जन्मभर इतरांना मवाळ म्हटले, त्यालाच आता कडवे लोक मवाळ समजू लागले! १९१७ साली कलकत्त्याच्या काँग्रेसने अस्पृश्यांवरील बंधने दूर करण्याचा ठराव केला. मांडवाबाहेर घातलेला प्रश्न बावीस वर्षांनी मांडवात परत आला. १९१८ च्या मार्चमध्ये विठ्ठल रामजी शिंद्यांनी मुंबईस भरवलेल्या अस्पृश्यतानिवारण परिषदेत टिळकांनी अस्पृश्यतेविरुद्ध जळजळीत भाषण केले. पण स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही अशा प्रतिज्ञापत्रावर मात्र सही केली नाही. अनुयायांचा विचार, घरची अडचण, प्रसंग, काय असेल ते असो. पंचहौदच्या चहानंतर रानडे जिथे उभे होते, त्याच जागी आता टिळक उभे होते. आणि १९२० साली, मृत्यूच्या काही महिने आधी, टिळकांनी 'काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षा'चा जाहीरनामा काढला. शिक्षणाचा व मताधिकाराचा प्रसार आणि जाती व रूढी यांवर आधारलेली सर्व सामाजिक बंधने दूर करणे, ही त्यातली कलमे आहेत. रानडे १९०१ सालीच गेले होते. असते तर त्यांनी मिशीतल्या मिशीत हसून त्यावर सही केली असती.

यावरून मला दिसते ते असे, की मवाळ ही माणसाची जात नाही. मांडवातली ती एक जागा आहे. ज्याच्यावर जबाबदारी येते, ज्याला दोन तऱ्हेच्या माणसांना एकत्र ठेवायचे असते, तो हळूहळू सरकत त्या जागेवर जाऊन बसतो. मागे उभे असलेले त्याच्यावर ओरडतात. उद्या त्यांतलाच एक पुढे येतो, त्याच जागेवर बसतो आणि नव्या ओरडणाऱ्यांचे बोलणे खातो.

हे केवळ आपल्याकडचेच आहे असेही नाही. राज्यशास्त्राच्या तासाला आम्हांला अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षाचे उदाहरण देण्यात आले. तिथल्या जुन्या मताच्या लोकांनीही आपल्या पक्षातील मध्यममार्गी पुढाऱ्यांवर असाच दात धरला होता. १९६४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर बोलायला उभे राहिले, तेव्हा स्वतःच्याच पक्षाच्या लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. उमेदवारी कडव्या बाजूच्या बॅरी गोल्डवॉटर यांना मिळाली आणि निवडणुकीत त्यांना पन्नासपैकी केवळ सहा राज्ये मिळाली. पण कडवे लोक हरले म्हणून त्यांचे म्हणणे संपले नाही. सोळा वर्षांनी, १९८० साली, त्याच विचारांचे रोनाल्ड रेगन चव्वेचाळीस राज्ये जिंकून अध्यक्ष झाले. यात शिकण्यासारखे एवढेच आहे, की रेगन यांनी उपाध्यक्ष म्हणून आपल्याबरोबर घेतले ते उमेदवारीच्या शर्यतीतले आपले मध्यममार्गी प्रतिस्पर्धी, जॉर्ज बुश यांना. गोल्डवॉटरच्या लोकांनी मवाळांना हिणवून मांडव जिंकला; रेगननी मवाळाला शेजारी बसवून देश जिंकला.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांनी नुकतेच पहिले मतदान केले आहे किंवा लवकरच करतील. आपल्यातले काही कोणत्या ना कोणत्या पक्षाचे, संघटनेचे काम करतात. वसतिगृहात, कट्ट्यावर, निवडणुकीच्या दिवसांत 'हा आपल्यातलाच, पण मऊ आहे' हे वाक्य मी सर्व रंगांच्या तोंडून ऐकले आहे. हे वाक्य म्हणणाऱ्याला मी एवढेच सांगेन : मवाळावर रागावण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे. सतरंजी तू उचललीस. तो दुटप्पी वागला तर त्याला भर सभेत विचार, त्याच्याकडून उत्तर घे. पण त्याला हाकलण्याच्या आधी क्षणभर थांबून बघ, की त्याच्या हातात कोणाचा प्रश्न आहे. तो प्रश्न त्याचा स्वतःचा असेल तर खुशाल जाऊ दे. पण बऱ्याचदा तो प्रश्न अशा कोणाचा तरी असतो, ज्याला तुझ्या मांडवात अजून जागाच मिळालेली नाही. मवाळ माणूस गेला तर एक खुर्ची रिकामी होते. त्याच्याबरोबर तो प्रश्न गेला तर मांडवाबाहेरची गर्दी वाढते, आणि ती गर्दी फार काळ उभी राहत नाही. ती आपला रस्ता धरते.

आणि मवाळांनाही एक सांगायचे आहे. ज्यांच्यासाठी आपण बोलतो असे म्हणता, त्यांच्या दारापर्यंत कधी तरी चालत जा. रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा काढली, उत्तम निवेदने लिहिली, पण ज्या कुणब्याच्या मुलासाठी शाळा मागितली त्या कुणब्याला ती मागणी आपली आहे हे कळले नाही. त्याला ते कळले असते, तर १८९५ साली पुण्यात मांडव कोणाचा हा वाद दोनच बाजूंत झाला नसता. तिसरी बाजू हजर असती आणि कदाचित तिनेच निकाल दिला असता.

आज ती तिसरी बाजू वर्गात बसलेली आहे. तिने कोणत्या पक्षात जावे हे मी सांगणार नाही. पण ज्या पक्षात जाईल तिथे तिने आपला प्रश्न स्वतःच्या तोंडाने मांडावा. तो दुसऱ्या कोणी, मग तो जहाल असो की मवाळ, आपल्या वतीने मांडील म्हणून वाट पाहत बसू नये. तसे वाट पाहण्यात आपल्या तीन पिढ्या गेल्या आहेत.